पतिराजांची हौस आणि आपली संमती

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि पुढची सगळी शाळा चुलीपाशी व ह्यांच्या गॅरेजच्या मागच्या दारी झाली. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या दारातल्या त्या गाडीवरून गावात इतके बोलून झाले आहे, तर ती आली कशी ते तुम्हीच सांगा." गेले वर्षभर हळदीकुंकवाला, नळावर, एस.टी.च्या थांब्यावर मला हाच प्रश्न आडून आडून विचारला गेला. कोणी म्हणाले, नवऱ्याने बायकोला गुंडाळले. कोणी म्हणाले, बायकोनेच त्याला डोक्यावर चढवून ठेवले आहे. दोन्ही खरे नाही. होकार मीच दिला. पण तो द्यायला मला सोळा महिने लागले, आणि त्या सोळा महिन्यांविषयीच आज मला बोलायचे आहे.

ज्यांनी गाडी पाहिली नाही त्यांना आधी सांगते. ती दोन माणसांची आहे. वर टप नाही, बाजूला दारे नाहीत. जमिनीपासून इतकी खाली, की उभ्या माणसाने हात खाली सोडला तर बोटे रस्त्याला लागतील की काय असे वाटावे. पुढचे नाक लांब, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले. अंग फायबरचे. अशा गाड्यांना जुळणीच्या गाड्या म्हणावे. घरगुती चक्की खोक्यातून सुटी येते आणि आपण ती बसवून घेतो, त्यातलाच हा प्रकार; फक्त इथे खोकी पुष्कळ.

ह्या प्रकाराचे मूळ विलायतेत आहे. तिथे कॉलिन चॅपमन नावाच्या गृहस्थाने १९५७ साली लोटस सेव्हन नावाची गाडी काढली. त्या काळी तिथे तयार मोटारीवर खरेदी-कर पडे, सुट्या भागांवर पडत नसे. म्हणून हौशी लोक सुटे भाग नेत आणि घरच्या अंगणात गाडी उभी करीत. १९७३ साली करांची पद्धत बदलली तेव्हा ती सवलत गेली, हौस मात्र राहिली. पुढे आपल्या अलिबागेतही चिंकारा मोटर्सने त्याच घाटाच्या गाड्या केल्या. हे सगळे मला आमच्या मुलीने मोबाईलवर वाचून दाखवले. त्यातली एक गोष्ट मी पदराला गाठ मारून ठेवली. चॅपमनने १९५२ साली कारखाना काढला तेव्हा त्याला पंचवीस पौंड हेझल नावाच्या मुलीने दिले होते. पुढे १९५४ साली दोघांचे लग्न झाले. ते पैसे तिने उसने दिले होते. उसने हा शब्द कृपा करून ध्यानात ठेवा, मला तो पुढे लागणार आहे.

आता आमच्या घरची हकीकत. दोन दिवाळ्यांमागे फराळाच्या ताटावर ह्यांनी विषय काढला. मी शंकरपाळ्यांची थाळी पुढे सरकवीत होते. हे म्हणाले, "मी गेली तेवीस वर्षे लोकांच्या गाड्या बऱ्या करतो. एकदा स्वतःच्या हाताने एक गाडी उभी करायची आहे." इतके म्हणून फोनवर चित्र दाखवले. मी चित्र पाहिले आणि विचारले, "पावसाळ्यात?" ह्यांच्याकडे उत्तर नव्हते. मी म्हटले, "मग नाही."

भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळ जणी इथे थांबतात. नाही म्हणायचे, भांडी जरा जोरात घासायची आणि आठ दिवस अबोला धरायचा. त्याने होते काय, की पुरुष माणूस विषय सोडीत नाही, तो फक्त आपल्याशी बोलणे सोडतो. मग एके दिवशी वस्तू दारात येते आणि कर्जाचा हप्ता आपल्या नकळत सुरू झालेला असतो. माझ्या डोळ्यांपुढे अशी दोन घरे आहेत. म्हणून मी दुसऱ्या दिवशी मुलीच्या जुन्या वहीचे कोरे पान घेतले आणि माझ्या "नाही"मध्ये किती "नाही" आहेत ते लिहून काढले. पाच निघाले. पैसे, कागद, रस्ता, जीव आणि जनांची लाज. ते पान मी ह्यांच्या हातात दिले आणि म्हटले, "ह्यातले एकेक खोडून दाखवा. सगळी खोडली तर माझे काही म्हणणे नाही."

ह्यांना आधी ते पान म्हणजे चेष्टा वाटली. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी देवराष्ट्र्याची गोष्ट घेऊन आले. सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार ह्यांनी भंगारातून लहानशी जीप तयार केली, तिला मोटारसायकलीसारखी किक मारावी लागे, आणि खर्च साठ हजारांच्या आसपास आला. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्र ह्यांनी तिचे कौतुक केले आणि २०२२ च्या जानेवारीत ती ठेवून घेऊन लोहारांना नवी बोलेरो दिली. हे म्हणाले, "बघ, खेड्यातल्या माणसाला जमते." मी म्हटले, जमते हे मला मान्यच आहे, तुमच्या हाताविषयी मी कधी शंका घेतली? पण त्याच वेळी महिंद्रांनी हेही लिहिले होते, की गाडी नियमांत बसत नसल्यामुळे आज ना उद्या तिला अडवतील. तुम्ही कौतुक तेवढे वाचलेत.

तेव्हा पहिला विषय निघाला तो कागदांचा. हा भाग जरा रुक्ष आहे, पण सांगते, कारण ज्यांची मुले मोटारसायकलींना नाही नाही ते लावून फिरतात त्यांच्याही उपयोगाचा आहे. मोटार कायदा १९८८ चा. नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही आणि दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. कारखान्याने जशी केली त्याहून गाडी वेगळी करायलाही मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा बजावले. नवी तऱ्हा बाजारात आणायची तर आधी तिची सरकारमान्य संस्थेत परीक्षा होते, अशी एक संस्था आपल्या पुण्यात १९६६ पासून आहे. सारांश, सुटे भाग आणून घरी गाडी उभी केली तर ती अंगणात उभी राहील, रस्त्यावर चालणार नाही. ह्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. हौशी माणसाला जे ठाऊक असते ते आठवत नाही, इतकेच.

मग मार्ग एकच उरला. आधी नोंदणी झालेली, कागद जिवंत असलेली जुनी गाडी शोधायची, आणि ती कोणी सुटी करून ठेवली असेल तर जुळणी करायची. ह्यांनी एक शोधली. आम्ही दोघे एस.टी.ने बघायला गेलो. गाव सांगत नाही आणि माणूसही सांगत नाही. गाडी देखणी होती, ह्यांचे डोळे तिथेच चमकले. मी म्हटले, आधी आकडे. ह्यांनी रॉकेलच्या चिंधीने लोखंड पुसले आणि मी नोंदणीच्या कार्डावरचा एकेक आकडा मोठ्याने वाचला. सांगाड्याचा क्रमांक जुळला. इंजिनाचा जुळला नाही. शेवटचे चार आकडे साफ निराळे. विकणारे गृहस्थ म्हणाले, "ताई, इंजिन बदलले आहे, चालते तसे." ह्यांनी माझ्याकडे पाहिले आणि चिंधी खाली ठेवली. परतीच्या वाटेवर हे विक्रमगड येईपर्यंत गप्प होते. मी डब्यातली चटणी-भाकरी काढून दिली. त्यांना वाईट वाटले होते, आणि तेव्हा बोलण्यासारखे काही नव्हते. पण सातवी शिकलेल्या बाईला आकडे जुळवता येतात, एवढे त्या दिवशी घरात सिद्ध झाले.

पैशाचे "नाही" खोडायला मात्र पुष्कळ दिवस गेले. ह्यांचा पहिला विचार असा, की माझ्या पाटल्या गहाण टाकाव्यात आणि वर्षात सोडवाव्यात. मी सरळ सांगितले, पाटल्या माझ्या आईने दिलेल्या आहेत, त्या माझ्याच राहतील. भगिनींनो, हा नुसता रुसवा नव्हे. स्त्रीधन हे बाईचे स्वतःचे असते, नवऱ्याचा त्यावर अधिकार नाही, अडचणीत त्याने वापरले तर ते परत करण्याची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या एप्रिलमध्येही सांगितले आहे. हौस ही काही अडचण नव्हे. इथे मी हेझलबाईंचे नाव काढले. त्यांनी पंचवीस पौंड दिले ते उसने दिले. मलाही उसने देता आले असते, पण मला द्यायचे नव्हते, आणि एवढे कारण पुरे असावे.

दुसरे, मुलगी बारावीला होती आणि तिला नाशिकला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते. पोस्टात जे साठवले होते ते तिच्यासाठीच. मी म्हटले, आधी ते पैसे तिच्या स्वतःच्या नावावर करा, मग आपण पुढचे बोलू. त्यांनी केले. कुरकूर न करता केले, हे मुद्दाम सांगायला हवे.

उरले काय? उरले गॅरेज. तर मी म्हटले, "गॅरेजची वही दाखवा."

बावीस वर्षांच्या संसारात ती वही मी कधी उघडली नव्हती. ती आमच्याकडे दुकानातच असे, डब्यातल्या नटबोल्टांच्या खाली. ह्यांनी ती आणून पाटावर ठेवली तेव्हा तिला ग्रीसचा वास येत होता. तीन रात्री आम्ही बसलो. मुलगी बेरजा करी, मी नावे वाची आणि हे सांगत, हा देईल, हा देणार नाही, हा वारला. उधारी निघाली १,८६,४०० रुपये. मला रडू आले नाही, पण थोडा वेळ मी उठून ओटीवर जाऊन बसले. ज्या वर्षी मुलीच्या वह्यांसाठी मी नागली विकली होती, त्या वर्षीचीही नावे त्यात होती. काळ्यापिवळ्या जीपवाले, कंत्राटदार, मोठमोठी माणसे. गरिबांची उधारी थोडी होती आणि बहुतेक फिटलेली होती.

मी परत आत आले आणि म्हटले, "तुमची गाडी ह्या वहीत आहे. ती बाहेर काढा."

माझ्या मते सगळे तिथेच ठरले. हे स्वभावाने भिडस्त. मागणे म्हणजे त्यांना संकट वाटते. पण स्वतःच्या हौसेसाठी माणूस भीड सोडतो. दर रविवारी दोन घरे, अशा हिशेबाने ते फिरले. वीटभट्टीवर भिवंडी-वसईकडे जाणाऱ्यांकडे मागायचे नाही, ही माझी अट; त्यांनी ती आधीच मनात धरली होती. होळीपर्यंत आणि पुन्हा पुढच्या दिवाळीपर्यंत मिळून १,१२,००० रुपये आले. शिवाय गॅरेज बंद झाल्यावर रात्री नऊपर्यंत ते लोकांच्या खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटके जोडून देऊ लागले, त्यातून चौदा महिन्यांत १,२६,००० सुटले. जुनी मोटारसायकल विकली तिचे ३७,००० आले. बेरीज २,७५,०००. दुसरी गाडी सापडली ती तेवढ्यालाच, आणि तीही पुण्याकडच्या एकाने रंगासाठी सुटी केलेली आणि मग कंटाळून टाकलेली, म्हणून मिळाली. आकडे दोन्ही जुळले. इसार पन्नास हजार, बाकी पैसे बदलीच्या अर्जांवर, म्हणजे एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर, सह्या झाल्यावर. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी नव्याने करायला २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेऐवजी पाच हजार पडू लागले; ती त्या गृहस्थांनी गाडी सुटी करण्यापूर्वीच करून घेतलेली होती, तेवढे आमचे वाचले.

ह्या सगळ्या काळात एकदा हे चिडून म्हणाले होते, "तुला गाडीतले काय कळते?" तेव्हा मुलीनेच त्यांना बर्था बेंझबाईंची गोष्ट ऐकवली. मोटारीचा शोध लावणारे कार्ल बेंझ हे त्यांचे यजमान. लग्नाआधीच बाईंनी आपल्या हुंड्याचे पैसे त्यांच्या धंद्यात घातले. १८८६ साली पेटंट मिळाले, पण गाडी विकत घ्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टात बाईंनी यजमानांना न सांगता गाडी बाहेर काढली, दोन मुलांना घेतले आणि शंभरावर किलोमीटर दूर माहेरी निघाल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, इंधन औषधाच्या दुकानातून घेतले, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे मारून घेतले. गोष्ट ऐकून हे हसले आणि म्हणाले, "म्हणजे तू माझी गाडी घेऊन माहेरी जाणार!" राग तिथेच संपला. आमचे माहेर खोडाळ्याला आहे, आणि त्या रस्त्याला ती गाडी पोटावर घासत जाईल, हे दोघांनाही ठाऊक होते.

रस्त्याविषयी आपल्या माणसांना काय सांगावे? तोरंगणचा घाट तुम्ही जाणता. हे नाही पूर्ण खोडलेच गेले नाही. आमच्यात ठरले ते असे, की आवणीपासून दिवाळीपर्यंत गाडी ताडपत्रीखाली राहील, आणि एरवीही अंधार पडल्यावर घाटात न्यायची नाही. जिवाचे नाही त्यातच आले. शिवाय शिरस्त्राण. चारचाकीला लागत नाही म्हणे, पण टप नसलेल्या गाडीला माझ्या घरच्या कायद्याने लागते. सुरुवातीला लोक हसत, आता त्यांना सवय झाली.

राहिली जनांची लाज, आणि ती पानावर सर्वांत खाली लिहिली असली तरी माझ्या मनात सर्वांत वर होती. लोक हसतील ही लाज नव्हे. बोहाड्यात सोंगे नाचवणारी आपली गावे, हसण्याचे आपल्याला काय! लाज निराळी. २०२२ च्या ऑगस्टात मोखाडा तालुक्यात बोटोशीच्या मरकटवाडीत एक बाई अवेळी बाळंत झाली, जुळी बाळे गेली, आणि रस्ता नाही म्हणून तिला डोलीत घालून चिखलातून न्यावे लागले. ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली आहे. ज्या तालुक्यांत हे होते तिथे दोनच माणसांची, सामान न मावणारी, शोभेची गाडी दारात उभी करायची, हे माझ्या गळ्याखाली उतरेना. त्यात ह्यांचा पहिला बेत असा होता, की गॅरेजची जुनी जीप विकून त्या पैशात भर घालावी. त्या जीपमधून आजवर किती जणींना रात्री-बेरात्री जव्हारच्या दवाखान्यात नेले ते इथे बसलेल्या काही जणींनाच माहीत आहे, मी नावे घेत नाही.

मी म्हटले, बाकी चारही खोडलीत तरी जीप विकलीत तर माझे नाही कायम. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जीप विकत नाही. आणि तिला आधी नवे टायर घालतो." तसे त्यांनी केले, जुळणीच्या गाडीचा पहिला बोल्ट बसण्यापूर्वी. टायरचे पैसे मोटारसायकलीच्या पैशांतून न घेता महिन्याच्या कमाईतून घातले, म्हणून गाडी दोन महिने लांबली. त्या रात्री मी पान परत मागितले आणि खाली माझी सही केली. सही म्हणजे काय, नाव लिहिले.

गाडी टेम्पोतून आली ती चौदा खोक्यांत आणि एका सांगाड्यात. तिची जुळणी अकरा आठवडे चालली. त्याविषयी मला फारसे सांगता येणार नाही, मी चहा देत होते आणि बोल्ट मोजून वाटीत ठेवीत होते. एक गोष्ट मात्र मी पाहिली. आमचा मुलगा, जो गॅरेजमध्ये पाऊल टाकायला तयार नसे, तो रोज संध्याकाळी बापाशेजारी बसू लागला. हे काही माझ्या पानावर नव्हते.

आता कोणी म्हणेल, ह्या बाईला नवरा समजूतदार मिळाला म्हणून जमले. असेलही. पण हीच रीत उलट्या बाजूनेही चालते. आपल्या मंडळातल्या एका भगिनीला घरगुती चक्की हवी होती आणि तिचे यजमान वर्षभर नको म्हणत होते. मी तिला सांगितले, त्यांचे नको किती पदरी आहे ते त्यांनाच विचार. ती रडायची थांबली आणि विचारून आली. निघाले काय, तर विजेच्या बिलाचे भय, आणि दुपारी झोपमोड होईल हे दुसरे. पैशाचे काही नव्हतेच! तिने आठ दिवस शेजारणीच्या चक्कीचे मीटर बघून आकडा लिहून दाखवला आणि दळण सकाळी दहाच्या आत घेण्याचे कबूल केले. चक्की आली. वर्षभर ती बिचारी पैशासाठी भांडत होती.

गॅरेजची वही आता महिन्याच्या शेवटी घरी येते. अक्षर मुलीचे होते, ती नाशिकला गेल्यापासून माझे आहे. उधारीचे जे ७४,४०० राहिले त्यातले चौदा हजार गेल्या महिन्यात आले, ते कशासाठी ठेवायचे ह्यावर आमचे बोलणे अजून चालू आहे. ह्यांना गाडीला नवी आसने हवी आहेत. मला न्हाणीघरावर पत्रे हवेत. पान तयार आहे, ह्या खेपेला ते ह्यांनी लिहिले आहे आणि त्यावर चार मुद्दे आहेत.

ज्यांना गाडी बघायची असेल त्यांनी रविवारी चारनंतर यावे. बसवूनही आणतील, हनुमान पॉइंटपर्यंत. दार नसल्यामुळे पाय वरून टाकून आत उतरावे लागते, तेव्हा नऊवारी असेल तर सोपे, पाचवारी असेल तर निऱ्या जरा वर खोचून घ्याव्यात.